चार मिशनचे, दोन चौकातले

लतिकाबाई गानूंच्या घरी चहाला गेलात तर चमचा आधी त्या उलटा करून बघणार, मगच तुमच्या बशीत ठेवणार. लखनौच्या अलीगंजमधल्या त्यांच्या गल्लीत हे सगळ्यांना पाठ होतं. त्यांचे यजमान मधुकरराव रेल्वेतून इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले. ते पाहुण्याला हळूच म्हणायचे, "आता बसा निवांत, अमेरिका बघूनच उठायचंय." बाई फणकारायच्या, पण थांबायच्या नाहीत. थांबतील कशा? ज्या विषयातलं आपल्याला सगळं कळतं आणि गावात दुसऱ्या कुणालाच काडीचं कळत नाही, तो विषय निघाला की भल्याभल्यांना आवरत नाही.

आता मिरजेत वाढलेल्या आणि लखनौत जन्म काढलेल्या मराठी बाईला अमेरिकेतल्या जुन्या चांदीच्या चमच्यांचं वेड कुठून लागलं, ते सांगायला हवं. मिरजेत अमेरिकन मिशनचं हॉस्पिटल होतं आणि लतिकाबाईंचे वडील तिथे कंपाउंडर होते. एक डॉक्टरीणबाई मायदेशी परत जाताना त्यांच्या हातावर चांदीचा एक चमचा ठेवून गेली. त्या चमच्याने लतिकाबाईंच्या आईने घरातल्या सगळ्या पोरांना गुटी पाजली. पुढे लतिकाबाई वनस्पतिशास्त्र शिकल्या, लखनौच्या एका संशोधन संस्थेत लागल्या, आणि कागदावर चिकटवलेली वाळकी झाडं ओळखण्यात त्यांची हयात गेली. मध्ये वर्षभर संस्थेने त्यांना बॉस्टनला पाठवलं. तिथल्या रविवारच्या जुन्या बाजारात त्यांना गुटीच्या चमच्याची भावंडं दिसली. बाई जी अडकली ती अडकलीच.

"इंग्लंडच्या चांदीवर सरकारी छाप असतात. त्यातलं एक अक्षर बघितलं की साल कळतं. पोरखेळ आहे तो," त्या नाक उडवून सांगायच्या. "अमेरिकेत असलं काही नव्हतं. तिथे चमच्याच्या तोंडाकडे बघूनच वय सांगावं लागतं." आणि मग गाडी सुटायची. फार जुना असेल तर वाटीच्या पाठीवर उंदराच्या शेपटीसारखी उंचवट्याची रेघ उतरलेली. दांडीचं टोक आधी पुढे वळायचं, मग कधीतरी मागे वळायला लागलं. एका काळात टोकाचे कोपरे छाटून त्याला शवपेटीचा आकार दिला. त्यानंतर दांडी व्हायोलिनसारखी रुंद झाली, वाटीपाशी तिला खांदे फुटले, पुढे तेही गेले आणि वाटीचं तोंड निमुळतं झालं. पानाचा देठ आणि पानाचं टोक बघून झाडाचं कुळ सांगणाऱ्या बाईला यात वेगळं असं काही वाटलंच नाही. नक्खासच्या रविवार बाजारात, गंजक्या कुलपांच्या आणि बंद पडलेल्या घड्याळांच्या ढिगात हात घालून त्यांनी असे दोन-तीन चमचे शोधूनही काढले होते. जुने मिशनरी येताना चमचे घेऊन आले होते, आणि जाताना सगळेच काही परत घेऊन गेले नव्हते.

संस्थेत बाईंची एक शिस्त होती आणि तिचा दराराही होता. नवा नमुना आला की त्यावरची चिठ्ठी आधी झाकायची. तो कुणी आणला, कुठून आणला, आधीच्या माणसाने त्याला काय म्हटलं, काही म्हणजे काही वाचायचं नाही. आधी झाड बघायचं, आपलं मत लिहायचं, मग चिठ्ठी. "गोष्ट ऐकली की डोळे बिघडतात," हाताखालच्या पोरांना त्या बजावायच्या. त्यांनी ओळखलेलं झाड सहसा चुकायचं नाही. त्याचा त्यांना अभिमान होता आणि तो त्या लपवतही नसत.

दोन घरं सोडून एस्थर मैसी राहायची. सरकारी हॉस्पिटलातून निवृत्त झालेली नर्स. लग्न केलेलं नाही, मागेपुढे कुणी नाही. मधुकररावांच्या बायपासनंतर रोज सकाळी येऊन तिनेच त्यांची जखम धुतली होती. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला लतिकाबाई तिला हटकून बोलवायच्या. मराठी मंडळातल्या दोघीतिघींनी नाकं मुरडली, तेव्हा बाईंनी त्या दोघीतिघींनाच बोलवायचं बंद केलं. एस्थर यायची, मनगटावर अत्तर लावून घ्यायची आणि तिळगूळ डब्यात भरून न्यायची.

दर नोव्हेंबरात एस्थर जुन्या मिशन कब्रस्तानात जायची. तिथे हॅस्केल नावाच्या अमेरिकन पाद्र्याची कठड्याने घेरलेली जागा आहे. पाद्री एझ्रा, त्याची बायको मर्सी, आणि बाजूला एक छोटा दगड. त्यावर नुसतं 'मार्था'. ही मार्था दुष्काळात रस्त्यावर सापडलेली इथलीच पोर. मर्सीने तिला लेकीसारखी वाढवली, तिचं लग्न लावून दिलं. एस्थरच्या आईची ती पणजी. मार्थाच्या दगडाशेजारी जमिनीचा एक मोकळा पट्टा आहे. त्याखाली एस्थरची आई. एस्थर सहा वर्षांची असताना ती गेली. वर लाकडी क्रूस होता, तो साठ सालच्या पुरात गोमतीने नेला. कब्रस्तानच्या नोंदवह्याही नेल्या. बापाने बोट धरून दाखवलेली जागा तेवढी एस्थरच्या मनात राहिली.

मग एस्थरच्या पोटात गाठ निघाली. नर्सच ती, रिपोर्ट वाचल्यावर तिला कुणी काही समजवावं लागलं नाही. तिला आता एकच गोष्ट हवी होती, आईच्या शेजारची जागा. आई मिळाली ती जेमतेम सहा वर्षं, बाकीचा सगळा जन्म एकटीने ओढला, निदान शेवटी तरी तिच्याजवळ पडावं, एवढंच. पण जुनं कब्रस्तान भरत आलेलं, कमिटी नवी आणि नियमही नवा. ज्याच्या घरचं माणूस तिथे आहे असं सिद्ध होईल त्यालाच जागा. बाकीच्यांसाठी कानपूर रोडवर, सरोजिनी नगरच्याही पुढे, नवी जमीन घेतलेली. एस्थरकडे कागद एकही नव्हता. होते ते सहा चांदीचे चमचे. मर्सी हॅस्केलने मार्थाला लग्नात दिलेले, लेकीकडून लेकीकडे येत येत आईपर्यंत आलेले. कमिटीचे सेक्रेटरी डॅनियल साहेब काही दुष्ट माणूस नव्हते. ते म्हणाले, एखाद्या जाणकाराला दाखवा. चमचे पाद्र्याच्या घरचे आहेत असं ठरलं तर आम्ही मान्य करू.

आणि जाणकार तर दोन घरांवरच बसलेला!

एस्थर जुन्या फ्लॅनेलमध्ये गुंडाळलेले चमचे घेऊन आली. चालताना धाप लागत होती तिला. खुर्चीत टेकत म्हणाली, "लतिका दी, ये माँ के हैं। इनमें दो जो हैं न, वो..."

लतिकाबाईंनी हात वर केला. "कुछ मत बताइए। एक शब्द नहीं।"

"अरे, सुन तो लीजिए..."

"नाही म्हणजे नाही!" बाई मराठीतच ओरडल्या. मग हिंदीत समजावू लागल्या. उद्या कमिटीत कुणी म्हटलं की मैत्रिणीने पढवलं तसं बोललात, तर? कब्रस्तानाचं मला माहीत आहे तेवढं पुरे. चमच्यांबद्दल मी काही ऐकलेलं नाही, नुसतं बघून सांगते आहे, असं मला छातीठोकपणे म्हणता आलं पाहिजे. तुमच्याच भल्याचं आहे हे. एस्थर हसली. "जैसा आप ठीक समझें," म्हणाली आणि चमचे ठेवून गेली.

बाईंच्या मनात पाप नव्हतं, हे आधीच सांगते. पण नुसतं पुण्यही नव्हतं. इतकी वर्षं ज्या गोष्टीवरून नवरा आणि शेजारीपाजारी चेष्टा करत आले, ती गोष्ट आता पाच माणसं खुर्च्या मांडून ऐकणार होती. बाईंना आतून उकळ्या फुटत होत्या.

खिडकीपाशी भिंग घेऊन त्या बसल्या. चार चमचे बघताच त्यांचा चेहरा उजळला. व्हायोलिनच्या घाटाची दांडी, खांदे नाहीत, टोक मागे वळलेलं, वाटी निमुळती. पाठीवर चौकटीत कारागिराचं आडनाव आणि 'प्युअर कॉइन' असा छाप. अमेरिकेत तेव्हा नाणी वितळवून चमचे करायचे, म्हणून तसं लिहायचे. अठराशे चाळीस ते पंचावन्नच्या दरम्यानचे, पैज लावा. आणि पुढच्या बाजूला वळणदार अक्षरं कोरलेली: ई, एम, एच. एझ्रा, मर्सी, हॅस्केल. आणखी काय पाहिजे?

उरलेले दोन हातात घेतले मात्र आणि बाईंच्या कपाळाला आठी पडली. अक्षरं तीच, घाट तोच, पण टोक पुढे वळलेलं. वाटी पसरट. आणि पाठीवरचा छाप ठोकलेला नव्हताच, छिन्नीने एकेक रेघ कोरून काढलेला होता. इंग्रजी न येणाऱ्या माणसाने अक्षराचं चित्र काढावं तसा. झीज तर जवळजवळ नाहीच.

"काय, पास की नापास?" मधुकररावांनी पेपरातून डोकं वर काढलं.

"चार अस्सल. दोन इथलेच. चौक बाजारातल्या कुणा सोनाराने त्या चारांवरून केलेत."

"अगं, मग एस्थरला विचार की, हे काय आहे म्हणून."

"कमिटीसमोर सांगेन. त्याआधी कुणाला नाही. आणि ते दोन मी आपणहून काढून दाखवले ना, तर बाकीच्या चारांवर कुणी बोट ठेवणार नाही. माणूस निःपक्षपाती आहे, हे त्यांना कळेल."

"तरी तिला आधी सांगून ठेव."

"तुम्ही तुमचे पूल बांधा, यार," बाई म्हणाल्या. लखनौत इतकी वर्षं काढल्यावर त्यांच्या मराठीत असे यार घुसायचेच. मधुकरराव गप्प बसले. पुढे त्यांना त्या गप्प बसण्याचाही त्रास झाला.

चर्चमागच्या हॉलमध्ये मीटिंग होती. बाई इरकली साडी नेसून गेल्या. एस्थर पहिल्या रांगेत, अंगावर शाल, हात मांडीवर. लतिकाबाईंनी सुरुवातच अशी ठसक्यात केली की समोरच्यांचे सामोसे हातातच राहिले. अमेरिकन चमचे कसे ओळखायचे, त्यांचे घाट कसे बदलत गेले, आपण स्वतः नक्खासच्या ढिगातून असे चमचे कसे शोधून काढले, सगळं सांगितलं. मग चार चमचे एका ओळीत मांडले. काळ सांगितला, कारागिराचा छाप दाखवला, तीन अक्षरं दाखवली. डॅनियल साहेबांनी स्वतः उठून भिंगातून बघितलं आणि मान डोलावली. "वाह, मैडम।" एस्थरचा चेहरा असा खुलला होता की बाईंना भरून आलं.

इथे बसायचं होतं हो खाली! इथे बसल्या असत्या तर काय बिघडत होतं? पण नाही. बाईंनी कापडातून उरलेले दोन काढले.

"अब ये दो देखिए," त्या म्हणाल्या. एस्थर अर्धवट उठली. "दी, वो मैं बताती हूँ..." लतिकाबाईंनी तिला हातानेच बसवलं. वर्गात मध्येच बोलणाऱ्या पोराला बसवतात तसं. आणि मग टोक, वाटी, कोरलेला छाप, एकेक करत त्यांनी सिद्ध करून दाखवलं की हे दोन कधीही अमेरिकेत घडलेले नाहीत. कुणीतरी मूळ चमचे समोर ठेवून, अक्षरांसकट, मुद्दाम हुबेहूब करवून घेतलेले आहेत. फार तर साठ-सत्तर वर्षांपूर्वी. बोलून झाल्यावर त्यांनी अभिमानाने भिंग मिटलं.

मग कमिटीतल्या एका बाईंनी विचारलं, "मतलब किसी ने नक़ल बनवाई? नाम के साथ?"

तेव्हा एस्थर उठली. शालीचं टोक घट्ट धरून म्हणाली, "पापा ने बनवाए थे।" पुरात घरात पाणी शिरलं तेव्हा दोन चमचे वाहून गेले. आईला जाऊन दोन वर्षं झाली होती. आईच्या हातची खीर याच चमच्यांनी खाल्लेली, आणि सहातले दोन नाहीत म्हणून आठ वर्षांची एस्थर रडायची थांबेना. तिला ताप भरला. शेवटी बाप उरलेले चार घेऊन चौकात गेला आणि दोन करवून आणले. ते मिळालेत म्हणून सांगितलं. एस्थरला तेव्हाच कळलं होतं की हे ते नव्हेत. पण बापासाठी तिने ते खरे मानले.

लतिकाबाई उभ्याच होत्या. त्यांना खुर्चीही दिसेना.

डॅनियल साहेब हळू आवाजात म्हणाले, "मिस मैसी, ये बात आपने पहले क्यों नहीं बताई?" एस्थरने लतिकाबाईंकडे बघितलं. मग नजर खाली वळवली. "ध्यान नहीं रहा," ती म्हणाली.

बाई तोंडातल्या तोंडात अडखळत बोलू लागल्या. बाकीचे चार खरे आहेत, त्या पाद्र्याच्याच घरचे आहेत, अक्षरं बघा. पण वारं फिरलं होतं. चार चमचे तर नक्खासातही मिळतात, मॅडमनीच आत्ता सांगितलं. चार विकत घेऊन दोन करवता येतात, म्हणजे गोष्टही करवता येते. कुणी एस्थरला तोंडावर खोटारडी म्हटलं नाही. सगळे अगदी सौजन्याने बोलले आणि अर्ज नामंजूर झाला.

परतताना ऑटोत लतिकाबाई तिचा हात धरून रडल्या. "मैंने आपको बोलने नहीं दिया।" एस्थर म्हणाली, "आपने तो सच बोला, दी। मैं भी यही कहती कि सच बोलो।" तिने एकदा जरी शिवी हासडली असती तरी बाईंना बरं वाटलं असतं. तिने हात थोपटला आणि डोळे मिटून घेतले.

त्यानंतर बाईंनी काय काय केलं, ते कशाला सांगू? डॅनियल साहेबांच्या दारात खेटे घातले. माझं चुकलं, म्हणाल्या. ते म्हणाले, मॅडम, तुम्ही तर काहीच चुकीचं सांगितलं नाहीत, हे दोन नकली आहेत हे खरंच ना? बाईंना हो म्हणावं लागलं. एकदा त्यांच्या मनात आलं, सरळ खोटं बोलावं, पुन्हा बघितले आणि सहाही अमेरिकन निघाले, म्हणून सांगावं. तोंडापर्यंत आलंही. पण हॉलमध्ये त्यांनी इतकं पटवून दिलं होतं की आता त्यांच्या खोट्यावर कुणी विश्वास ठेवला नसता.

पावसाळा संपता संपता एस्थर गेली. नव्या जमिनीवर झाड म्हणून नाही. वरून विमानं उतरत होती, आणि प्रार्थना म्हणणारा पाद्री दर वेळी थांबायचा. दहा-बारा माणसं. कबर खणणाऱ्याने विचारलं, घरचं कोण आहे, पहिली माती त्यांनी टाकायची. कुणीच पुढे येईना, तेव्हा लतिकाबाई पुढे झाल्या. माती ओली होती, ती हाताला चिकटून राहिली. डावीउजवीकडे अनोळखी नावं आणि पलीकडे नुसते चुन्याने आखलेले चौकोन.

गाडीत मधुकरराव म्हणाले, "तू तिच्यासाठीच गेली होतीस गं तिथे."

"नाही," बाई म्हणाल्या. "मी माझ्यासाठी गेले होते. तिला मी इथे आणून टाकलं."

नोव्हेंबरात लतिकाबाई जुन्या कब्रस्तानात गेल्या. एस्थरच्या आईकडे आता कोण जाणार, असं मनात आलं म्हणून. पाद्र्याचा कठडा त्यांना सहज सापडला. मार्थाचा दगडही. पण शेजारच्या मोकळ्या पट्ट्यावरची माती ताजी होती, उकरून पुन्हा दाबलेली. आणि त्याला लागूनच, जी जागा एस्थरने मागितली होती तिथे, विटांनी बांधलेली नवी कोरी कबर.

राखणदार म्हातारा पाणी मारत होता. बाईंनी विचारल्यावर त्याने हातातला पाइप खाली ठेवला. "एक बड़े साहब की मेमसाहब गुज़रीं। पहले इधर ही खोदी थी," त्याने मोकळ्या पट्ट्याकडे बोट केलं. "नीचे तख़्ता निकला। फिर हड्डी, बाल। कोई औरत पहले से लेटी थी। सेक्रेटरी साहब ने देखा, बोले बंद करो। तब बग़ल में खोदी।"

बाईंनी कठडा धरला. "सेक्रेटरी साहब ने और कुछ नहीं कहा?"

"क्या कहते? उनको भी कहाँ मालूम था," म्हातारा म्हणाला. "किसी ने बताया ही नहीं कि यहाँ कोई है।"

"बताया था," लतिकाबाई म्हणाल्या. "उसने बताया था।"

म्हाताऱ्याला कोण ते कळलं नाही. त्याने मान हलवली, पाइप उचलला आणि नव्या कबरीच्या विटांवर पाणी मारायला लागला. सिमेंट अजून ओलं होतं.